नागऱ्याची अर्धी प्रदक्षिणा
बेलाच्या चुरगळलेल्या पानांचा वास आला की मला नागऱ्याचं महादेवाचं मंदिर आठवतं. आमच्या घरी बुद्धवंदना. मंदिरात मी पहिल्यांदाच गेले होते, मैत्रिणीच्या आईबरोबर. ओल्या दगडावर पाय घसरत होते. प्रदक्षिणा घालताना पिंडीचं पाणी वाहून नेणारी पन्हाळ ओलांडायला मी पाय उचलला, तोच पुजारी ओरडला, "काऊन ओलांडून राहिली? महादेवाले अर्धीच प्रदक्षिणा राहते! कोणाची पोरगी होय हे?" सगळे थांबून माझ्याकडे पाहू लागले. काकूंनी मनगट धरून मला मागे फिरवलं. "माह्या बहिणीची," त्या म्हणाल्या. काकूंनी मला वाचवलं की लपवलं, हे मला अजून ठरवता येत नाही.