लेकीच्या घराचे तीन नकाशे

नकाशेकाकांकडून नकाशा विकत घ्यायचा म्हणजे आधी उलटतपासणीला तोंड द्यावं लागायचं. पुस्तकांच्या एका मोठ्या दुकानात अगदी मागच्या अंगाला त्यांचं काउंटर होतं. लांबलचक टेबल, त्याच्या पोटात रुंद आणि उथळ खण, आणि त्या खणांमध्ये आसपासच्या डोंगराळ मुलुखाचे मोठाले कागद आडवे निजवलेले. गिऱ्हाईक घाईघाईनं म्हणायचं, "या भागाचा एक नकाशा द्या." काका चष्मा कपाळावर चढवायचे आणि शांतपणे विचारायचे, "कशाला हवाय?"

गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हाताऱ्याला नसत्या चौकशा. पण काकांचं काही चुकत नव्हतं. एकाच डोंगराचे तीन नकाशे निघतात आणि तिघं एकमेकांना ओळखसुद्धा देत नाहीत. एक उंचीचा. त्यावर तपकिरी रेषांचं जाळं असतं. रेषा दाटीवाटीनं आल्या की चढ उभा, लांब लांब गेल्या की जमीन सपाट. दुसरा भूगर्भाचा. पायाखाली कुठला खडक आहे, कुठं नुसती माती, ते तो रंगांनी सांगतो. घरं, दुकानं, माणसं यांना त्याच्या लेखी काडीची किंमत नसते. आणि तिसरा फिरस्त्यांचा, म्हणजे पायवाटा, तंबूच्या जागा, धबधबे, मुक्कामाच्या ठिकाणी पलंगाची खूण, आणि भिजला तरी फाटणार नाही असा कागद. विहीर खणायला निघालेला माणूस पलंगाच्या खुणांचा नकाशा घेऊन गेला, तर शिव्या कुणाला बसणार? काकांनाच की!

त्यात आणखी एक गंमत. ज्याला जी जागा हवी असते, ती हटकून चार कागदांच्या कोपऱ्यावर येते. मग गिऱ्हाईक चारही कागद घेताना कुरकुर करायचं आणि काका म्हणायचे, "मी नाही हो पाडले हे कोपरे. देवानं डोंगर केले तेव्हा छापखान्याला विचारलं नव्हतं."

एकूण माणूस मजेचा होता. बायको लवकर गेली, तेव्हा पदरात शाळेत जाणारी एक मुलगी होती. दुकानाच्या वरच्याच खोलीत दोघं राहायची. मुलीनं गृहपाठ केला तो नकाशांच्या टेबलावर, आणि पुढं प्रेमात पडली तीही त्याच टेबलाशी. डोंगरातला एक तरुण अधूनमधून नकाशे घ्यायला यायचा. एका माणसाला एवढे नकाशे कशाला लागतात, हा प्रश्न सगळ्या गावाची उलटतपासणी करणाऱ्या काकांना मात्र सुचला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

कळलं तेव्हा त्यांनी आधी तोंड वाकडं केलं. मुलगा चांगला होता, पण घर पार वर, चढावर. एकुलती एक लेक एवढ्या आडबाजूला द्यायची? त्या संध्याकाळी दुकान रिकामं झाल्यावर त्यांनी उंचीच्या नकाशाचे कागद काढले. घर अर्थातच कोपऱ्यावर होतं. चारही कागद जोडून त्यांनी ते शोधलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. वर रेषांची गर्दी, खाली रेषांची गर्दी, आणि मधोमध जिथं घर होतं तिथं दोन रेषा कशा ऐसपैस, एकमेकींपासून दूर! म्हणजे उभ्या डोंगरात नेमकी सपाट जागा. शेजारी निळा ठिपका, म्हणजे झरा. तोंड पूर्वेला, म्हणजे सकाळचं ऊन अंगणात.

"नशीबवान आहेस," ते लेकीला म्हणाले. "अख्ख्या डोंगरात बसायला एवढीच एक जागा आहे, आणि ती तुझ्या वाट्याला आली."

लग्नात त्यांनी हेच व्याह्यांना सांगितलं, हेच दुकानाच्या मालकांना सांगितलं, ज्याला ऐकायचं नव्हतं त्यालाही सांगितलं. त्या भागाचा भूगर्भाचा नकाशा तेव्हा निघालेलाच नव्हता. ते काम सावकाश चालतं. खडकांना कसली आलीये घाई!

तो निघाला तोवर काकांची नात बोलायला लागली होती. पार्सल आलं, काकांनी नेहमीप्रमाणे कागद उलगडून कुठं चुरगळलाय का ते पाहिलं, आणि मग कुणीही करील तेच केलं. लेकीचं घर त्यात कुठं येतं ते मोजून शोधलं.

डोंगराला गुलाबी रंग होता. त्या गुलाबीवर वरून खाली उतरलेला, जिभेच्या आकाराचा एक पिवळा पट्टा होता आणि त्यात बारीक ठिपके भरलेले होते. जिभेच्या मधोमध लेकीचं घर. काकांनी बाजूच्या रकान्यात पिवळा ठिपकेदार रंग शोधला. लिहिलं होतं, 'जुन्या भूस्खलनाचा ढिगारा'.

म्हणजे डोंगराचा तो भाग पूर्वी कधीतरी वरून सुटून खाली आला होता आणि वाटेत थांबला होता. थांबला होता म्हणूनच तिथं सपाट होतं. झरा होता तोही त्याचमुळं, कारण सैल मातीतून मुरलेलं पाणी तिथं बाहेर पडत होतं. काकांनी उंचीचे जुने कागद पुन्हा काढले. घराच्या वरच्या अंगाला रेषा अर्धगोल आत गेलेल्या, बिस्किटाचा कुणी चावा घ्यावा तशा. दुसऱ्या कुणाचं घर असतं तर ही खूण त्यांनी लांबूनच ओळखली असती. ठेकेदारांना त्यांनी कितीदा सांगितलं होतं, उभ्या चढात अचानक सपाटी दिसली तर आधी चौकशी करा. स्वतःच्या लेकीच्या वेळी तीच सपाटी बघून ते हरखून गेले होते. त्या दिवशी त्यांनी दोन गिऱ्हाइकांना चुकीचे कागद दिले आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई काउंटरवर नेहमी यायच्या. काकांनी त्यांच्यासमोर कागद ठेवला आणि घर कुणाचं ते न सांगता विचारलं, "हे पुन्हा सरकेल का हो?"

बाईंनी वाकून पाहिलं. "सरकू शकतं."

"कधी?"

"ते कसं सांगणार? पुढच्या पावसात सरकेल, नाहीतर आपल्या पणतवंडांच्या पणतवंडांपर्यंत जागचं हलणार नाही. हा कागद एवढंच सांगतो की एकदा सरकलं होतं." मग त्यांचं काकांच्या चेहऱ्याकडं लक्ष गेलं. "कोण राहतं तिथं?"

"आहेत ओळखीचे," काका म्हणाले.

धड धोका आहे असंही नाही, धड नाही असंही नाही. घर उद्या पडणार असं कुणी छातीठोक सांगितलं असतं, तर काकांनी लेकीला हाताला धरून खाली आणलं असतं. अशा अर्धवट भीतीचं माणसानं करायचं तरी काय?

पुढच्या रविवारी कागदाची गुंडाळी काखेत मारून ते वर गेले. जावई स्टॉपवर घ्यायला आले होते. माणूस खरोखर चांगला, सासऱ्याच्या हातातली पिशवी काढून घेणारा. त्यांनी घराला दोन खोल्या नव्यानं जोडल्या होत्या. डोंगरात फिरायला येणाऱ्यांना मुक्कामाला जागा द्यायची, असा बेत होता. भिंतींना नवा रंग, खिडक्यांतून सगळी दरी. नात "आजोबा, ही खोली पाहुण्यांची, आपण इथं खेळायचं नाही" असं सांगत त्याच खोलीत उड्या मारत होती.

चहा झाल्यावर काकांनी टेबलावर कागद पसरला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते माहीत असूनही पसरला.

जावयांनी बराच वेळ पाहिलं. "बाबा, यात आमचं घर कुठंय?"

"या नकाशात घरं नसतात. पण ते इथं येतं, या पिवळ्यात."

"म्हणजे तुम्ही अंदाजानं सांगताय."

"अंदाजानं नाही हो. मोजून सांगतोय."

"बरं. पण आमच्या पणजोबांनी बांधलं हे घर. चार पिढ्या झाल्या, जागचं हललेलं नाही." जावई हसले, आणि हसण्यात जराही कुचेष्टा नव्हती. "आणि बाबा, तुम्हीच म्हणाला होतात ना, अख्ख्या डोंगरात बसायला एवढीच एक जागा आहे म्हणून? मी ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. काकांनी कागद गुंडाळला. जावई म्हणाले, "तुम्ही काळजी करू नका. मोठ्या पावसात आम्ही लक्ष ठेवू." लक्ष ठेवू म्हणजे काय करू, हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि काकांनाही.

काका भांडी ठेवायला स्वयंपाकघरात गेले तेव्हा लेकीनं मागचं दार लोटून घेतलं. ते पूर्ण लागेना. खांद्यानं ढकललं तेव्हा लागलं.

"दर पावसाळ्यानंतर सुतार येतो," ती हळू आवाजात म्हणाली. "दार तासून जातो. पुढच्या वर्षी पुन्हा अडकतं." मग तिनं कपाटाच्या पायाकडं बोट केलं. एका बाजूच्या पायांखाली पुठ्ठ्याचे तुकडे घातले होते, एकावर एक. "आधी एकच होता. बाबा, मी तुमच्या टेबलावर लहानाची मोठी झाले. मला तो कागद बघायची काय गरज आहे?"

"माहितीय आणि राहतेस? पोरीला घेऊन?"

"मग कुठं जाऊ?"

"माझ्याकडे ये."

"तुमच्या त्या एका खोलीत? आम्ही तिघं?" ती म्हणाली. "आणि हे नाही येणार. त्यांचं सगळं इथंच आहे. विकायचं म्हटलं तर खरं सांगून कोण घेईल? आणि खोटं सांगून कुणा दुसऱ्याच्या पोराबाळांना इथं आणून बसवू? तुम्हीच सांगा, यातलं काय करू?"

आयुष्यभर लोकांना काकांनी सांगितलं होतं की तुम्हाला हा नको, तो घ्या. लेकीला सांगायला त्यांच्याकडं तिसरी वाट नव्हती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्यांना रडू आलं. लेकीनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, जणू वडील तीच होती.

"एक करा," ती म्हणाली. "फिरस्त्यांच्या नकाशाची नवी आवृत्ती निघतेय ना? त्यात आमच्या घरावर पलंगाची खूण पडू दे. पाहुणे आले, दोन पैसे हातात आले, तर मी यांना खाली एक जागा घ्यायला लावीन. तेवढा एकच मार्ग मला दिसतो."

फिरस्त्यांचा नकाशा काढणाऱ्यांचा माणूस पुढच्याच महिन्यात काउंटरवर आला. तो दर वेळी काकांना विचारून खुणा पक्क्या करायचा, कारण काकांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. "वर एक नवं घर झालंय म्हणे मुक्कामाला. टाकू का?" त्यानं विचारलं.

काकांनी लेकीकडं पाहावं की येणाऱ्या परक्या माणसांकडं? खूण पडली नाही तर लेक तिथं कायमची अडकते. पडली तर कुणाची तरी मुलंबाळं त्या पिवळ्या पट्ट्यात रात्री झोपायला जातात. माणूस पेन्सिल घेऊन थांबला होता.

"टाका," काका म्हणाले. स्वतःची लाज वाटली, पण म्हणाले.

नवा नकाशा आला आणि दणकून खपला. लेकीचा फोन यायचा, या आठवड्यात दोन्ही खोल्या भरल्यात, जावई खूश आहेत. खाली जागा घ्यायचं काय झालं, असं काकांनी विचारलं की ती म्हणायची, "काढते विषय." मग एकदा म्हणाली, "बाबा, हे म्हणतात इतकं छान चाललंय, तर वर आणखी एक मजला चढवू."

परवा एक जोडपं काउंटरवर आलं. बाईच्या कडेवर झोपाळलेलं मूल होतं. फिरस्त्यांचा नकाशा त्यांनी आधीच निवडला होता. नवऱ्यानं पलंगाच्या खुणेवर बोट ठेवलं. "काका, ही जागा कशी आहे?"

पाऊस तोंडावर आला होता. काकांनी कधी नव्हे ते एकदम मनाशी ठरवलं. खण ओढून भूगर्भाचा नकाशा काढला आणि त्या दोघांसमोर पसरला. "हे बघा, ही पिवळी जमीन आहे ना, ती वरून सरकून आलेली आहे. आत्ताच्या दिवसांत तिथं..."

"रंग किती सुंदर आहेत!" बाई म्हणाली. "पण आम्हाला एवढ्या अभ्यासाचा नको. दोनच दिवस जायचंय."

"तसं नाही. जागा धोक्याची आहे. म्हणजे असू शकते." काकांची जीभ अडखळायला लागली. "मला माहितीय, माझी मुलगी राहते तिथं."

नवरा-बायकोनं एकमेकांकडं पाहिलं आणि दोघांचेही चेहरे मोकळे झाले.

"तुमची स्वतःची मुलगी?" नवरा म्हणाला. "अहो, मग प्रश्नच मिटला! आम्ही उगीच विचार करत बसलो होतो."

बाईनं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. "तिला काही निरोप द्यायचाय का? आम्ही उद्याच तिथं असू."

काकांनी मान हलवली, नाही म्हणून. मग त्यांनी फिरस्त्यांचा नकाशा घडीवर घडी घालून नीट मिटला आणि तिच्या हातात दिला.