बाबाची चप्पल

"काढ तुझी चप्पल," सेठ माझ्या बाबाला म्हणाले.

बाबानं काढली. डाव्या पायातली, अंगठ्याजवळ तारेनं बांधलेली. सेठनं ती दोन बोटांत धरून माझ्या हातात दिली आणि आपल्या पोरीकडं बोट केलं.

"घे. मार हिले. सगळ्यासमोर मार."

वर्धा जिल्ह्यातल्या कारंजातलं त्यांचं कृषी केंद्र. हरभऱ्याच्या बियाण्याचे दिवस होते, त्यामुळं दुकानासमोर गर्दी होतीच. माणसं पिशव्या खाली ठेवून बघू लागली. खुशी, सेठची मुलगी, पायरीवर कान धरून उभी होती. माझ्याच वर्गातली, दहावीतली. काउंटरवरचा पोऱ्या मोबाइल आडवा धरून शूटिंग करत होता, आणि सेठ बोलताना मधून मधून त्या मोबाइलकडं बघत होते.

माझा बाबा याच दुकानात पोती उचलतो. तेव्हाही उचलायचा.

झालं होतं असं. माझ्या वाढदिवसाला मी शाळेत हिरवा फ्रॉक घालून गेले. वाढदिवसाला रंगीत कपड्यांची परवानगी असायची. तो फ्रॉक दिवाळीत सेठाणीनं बाबाजवळ दिला होता, खुशीचा जुना. कोणाला ओळखू येऊ नये म्हणून आईनं बाह्यांची लेस उसवली, दुसरी लावली. पण ज्याचा कपडा तो ओळखणारच. संध्याकाळी खुशीनं वर्गाच्या ग्रुपवर दोन फोटो शेजारी शेजारी टाकले. एकात ती, एकात मी, अंगावर तोच फ्रॉक. खाली लिहिलं, 'आमच्या घरचं दान'. पुढं हसणारे चेहरे, भरपूर. दुसऱ्या दिवसापासून वर्गात माझं नाव 'दान' पडलं. डबा उघडला तरी कोणीतरी विचारायचं, "हेही तिच्याच घरचं का?"

मी शाळेत जाणं बंद केलं. पोट दुखतं म्हणायची. शेवटी बाबानं जवळ बसवून विचारलं तेव्हा सगळं सांगितलं, आणि रडत रडत एकच मागितलं.

"बाबा, कोणाले सांगू नोका. तिले फक्त तो फोटो काढून टाकाले लावा."

"नाई सांगत वो बाई," बाबा म्हणाला.

सकाळी त्यानं सेठला सांगितलं. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. दुपारी घरी येऊन मला म्हणाला, "चाल, सेठनं बलावलं. खुशी माफी मांगते म्हणे. दोनच मिनिटाचं काम हाय." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी वेणी घातली, तोंडाला पावडर लावली. कोणी आपली माफी मागणार असेल तर आपण नीटनेटकं दिसावं, असं मला वाटलं होतं.

आणि तिथं सेठ मोबाइलसमोर सांगत होते, "माह्या पोरीनं आमच्या हमालाच्या पोरीले जुन्या कपड्यावरून चिडोलं. आपली पोरगी असो का दुसऱ्याची, इन्साफ म्हणजे इन्साफ!" टाळ्या पडल्या. जे वर्गाला माहीत होतं ते आता बाजाराला कळलं. आगीतून उठून फुफाट्यात, दुसरं काय.

मला खुशीचा राग नव्हता असं नाही. घरी पडल्या पडल्या मी मनातल्या मनात तिला किती वेळा बदडलं होतं. आता ती समोर होती, नाक गळत होतं, हुंदक्यांनी तिला बोलताही येत नव्हतं. चप्पल माझ्या हातात होती.

मी चपलेकडं बघितलं. आणि सेठच्या पायाकडं बघितलं. त्यांच्या पायात काळे, पॉलिश केलेले बूट होते. मारायचंच होतं तर ते बूट होते, काउंटरवर लाकडी पट्टी होती, त्यांचा स्वतःचा हात होता. मग बाबाचीच चप्पल का? कारण हमालाची चप्पल अंगाला लागणं यापेक्षा मोठी बेअब्रू त्यांच्या डोक्यात येत नव्हती. शिक्षा मारण्यात नव्हतीच. शिक्षा आम्ही होतो. खुशीनं फोटोखाली जे लिहिलं होतं तेच तिचा बाप चारचौघांत बोलून दाखवत होता, आणि लोक त्याला न्याय म्हणत होते.

हे बाबाला कळत नव्हतं का? तो एका पायावर अवघडून उभा होता, सेठसमोर हात जोडून.

"मार न वो," तो मला हळूच म्हणाला. "सेठ म्हणून राह्यले."

त्या क्षणी माझा बाप माझ्या बाजूचा राहिला नाही. मी खाली वाकले आणि चप्पल त्याच्या पायाजवळ ठेवली.

"घाला, बाबा. चप्पल पायात घालाची असते."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सेठचा चेहरा उतरला. मी घरी निघून आले. रात्री बाबानं माझ्यावर हात उचलला, आयुष्यात पहिल्यांदा. "सेठची इज्जत घालोली तू," म्हणाला.

व्हिडिओ मात्र आला. चप्पल माझ्या हातात येते, तिथंच कापलेला. पुढचं नाहीच. ज्यानं बघितला त्याला वाटतं मी मारलं. खाली लोकांनी लिहिलं, 'असे वडील घरोघरी पाहिजेत'. आमच्या बाईंनी तो वर्गात दाखवला, चांगला आदर्श म्हणून. अजूनही एसटी स्टँडवर कोणी ना कोणी विचारतं, "तू त्या चपलेवाल्या व्हिडिओतली नाई का?" खुशीनं फोटो काढून टाकला होता. हा कोण काढणार?

खुशीला मामाकडं अमरावतीला पाठवलं. मागच्या दिवाळीत तिचा एकदा फोन आला.

"तू मारायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "तू नाही मारलं म्हणून पप्पांनी घरी पट्ट्यानं मारलं. त्यांचा इन्सल्ट झाला म्हणे."

माफी तिनं फोनवरही मागितली नाही. त्या दिवशीही नाही. तिला मागूच दिली नव्हती कोणी. ती माझ्या घरी येऊन नुसती पाच मिनिटं बसली असती तरी मला पुरलं असतं. दुसऱ्याच्या लेकराला छळणाऱ्या पोरांना चौकात उभं करावं, असं म्हणणारे आईबाप मला भेटतात. मी त्यांना एवढंच विचारते, ज्या लेकरासाठी करता त्याला विचारलं का?

मला कोणी विचारलं नाही. मी व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं तर सेठ हसले. "अगं, तुह्यासाठीच तं केलं सारं." बाबा म्हणाला, मालकाशी भांडता येत नाही. तेव्हा मी लहान होते, तक्रारीलाही बापच लागला असता.

या महिन्यात मी अठराची झाले. आता माझी सही चालते. उद्या सकाळच्या एसटीनं वर्ध्याला जाऊन सायबर पोलिसांत तक्रार देणार आहे. काल बाबाला सांगितलं.

"सेठ कामावरून काढन मले."

"काढू द्या."

"म्या काय केलं वो तुहं?"

उत्तर तक्रारीत लिहिलं आहे. व्हिडिओ कोणी काढला, कोणी टाकला, कुठं कापला, सगळं. उद्या पोलीस विचारतील, चप्पल कोणाची होती, कोणी काढून दिली. सेठसाठी खोटं बोलणार नाही, तसं बाबासाठीही बोलणार नाही.