बिअरच्या बादलीवर डेअरीचं नाक

उल्काने आयुष्यात बिअरचा एक घोटही गिळला नव्हता, आणि तरी सिंगापुरात, टॅम्पिनीसच्या त्यांच्या फ्लॅटमधली पहिली बिअर बिघडली हे सगळ्यात आधी तिलाच कळलं. तेही लिफ्टमधून बाहेर पडताना, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असताना. अकराव्या मजल्यावर केळी पिकत घातल्याचा वास होता, आणि त्या वासाच्या खाली, अगदी बारीक, नेलपॉलिश पुसायच्या औषधाचा. समोरच्या आंटीने केळी आणली असतील, असं आधी तिच्या मनात आलं. पण आंटी नेलपॉलिश लावत नाहीत.

बिअर नवऱ्याची होती. शैलेंद्र एका बँकेत सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं सांभाळतो, आणि इतरांना जसा सर्दी-खोकला होतो तसा त्याला वर्षातून एकदा छंद होतो. सायकल झाली, दुर्बीण झाली, युकुलेले झालं. यंदा ऑफिसात कुणीतरी सांगितलं की इथे घरच्यापुरती बिअर घरी करता येते. विकायची मात्र नाही, आणि महिन्याला ठरलेल्या लिटरांच्या पुढे जायचं नाही. झालं! शनिवारी एक मोठं खोकं घरात आलं. झाकणाला भोक असलेली प्लास्टिकची बादली, त्या भोकात बसणारी वाकडी नळी, माल्टच्या काकवीसारख्या घट्ट पाकाचा डबा, होप्सच्या हिरव्या कडू गोळ्या आणि यीस्टची पुडी. त्याने तीन व्हिडिओ पाहिले, पाक उकळला, गार व्हायची पुरती वाटही न बघता यीस्ट टाकलं आणि बादली वॉशिंग मशीनशेजारी नेऊन ठेवली. तिथे दुपारी बत्तीस डिग्री असतात.

उल्काने पिशव्या ओट्यावर ठेवल्या, बादलीचं झाकण काढलं, उलटं केलं आणि नाकाशी नेलं. आतल्या बिअरकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"ओतून टाक," ती म्हणाली.

"अगं, चव तरी बघ आधी!"

"चव कशाला? उकाड्याने यीस्ट पिसाळलंय. आणि तू अजून दहा दिवस थांबलास तरी हा वास जायचा नाही."

शैलेंद्रने चव बघितली, तोंड वाकडं केलं आणि बादली सिंकमध्ये रिकामी केली. नवरे बहुधा असंच ऐकतात, चव घेऊन झाल्यावर.

झाकण हुंगायची ही सवय सातारा जिल्ह्यातल्या एका दूध डेअरीतली. तिथे उल्का नऊ वर्षं दूध उतरवायच्या फलाटावर तपासणीला होती. गावोगावचे कॅन यायचे, आणि मशीनवर नमुना जायच्या आधी ती कॅनचं झाकण उचलून हुंगायची, कारण वास दुधापेक्षा झाकणात जास्त साठतो. म्हशीने कांद्याची पात खाल्ली असेल तर कळायचं. कॅन रॉकेलच्या डब्याशेजारून आला असेल तर कळायचं. दूध आंबायला अजून तासभर अवकाश असेल तेही कळायचं, आणि लोकांना याचंच नवल वाटायचं. तिने एकदा चेअरमनच्या मेव्हण्याचे चार कॅन परत पाठवले होते. मेव्हण्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण संध्याकाळपर्यंत त्या दुधाचं पनीर झालं होतं.

मग लग्नानंतरची बदली, लेक इशिता, आणि सिंगापूर. उल्काच्या हातात डिपेंडंट पास आला, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवर राहायचा परवाना. सुरुवातीला तिने दोन-तीन प्रयोगशाळांना पत्रं लिहिली. कुणी म्हणालं कळवतो, कुणी तेही म्हणालं नाही, आणि पुढे तिने लिहायचं सोडलं. आता मंडळाच्या कार्यक्रमात कुणी "तू काय करतेस?" विचारलं की ती "घरीच" म्हणते आणि पुढचा प्रश्न येत नाही. अकरा वर्षांत तिच्या नाकाला कुणी काहीही विचारलं नव्हतं. तिला स्वतःलाच शंका यायला लागली होती की ते नाक अजून शाबूत आहे, की आपण उगाच जुन्या ऐटीत आहोत? केळ्याचा वास शेंबडं पोरही ओळखेल. त्यात काय मोठं?

पण ती बादली तिला स्वस्थ बसू देईना. दोन दिवसांनी शैलेंद्र ऑफिसला गेल्यावर तिने खोकं उघडलं, आणि त्यात फोमच्या खाचेत एक काचेची नळी सापडली. वर बारीक, खाली फुगीर, पोटात शिसं.

"अरेच्चा, हा तर लॅक्टोमीटर!" ती एकटीच मोठ्याने म्हणाली.

लॅक्टोमीटर नव्हता, पण सख्खा चुलतभाऊ होता. तो दुधात पाणी किती ते सांगायचा, हा पाकातली साखर किती उरली ते सांगतो. यीस्ट साखर खातं, साखर संपत येते, नळी रोज थोडी आणखी खाली बुडते. आकडा दोन दिवस हलला नाही की यीस्टचं जेवण झालं. उल्काने ती नळी ताकात बुडवून बघितली, मग उसाच्या रसात, मग इशिताच्या थंड, चॉकलेटी मायलोमध्ये.

"आई, दॅट इज माय ड्रिंक, लाह!" इशिता इथल्या पोरांसारखं वाक्याला 'लाह' चिकटवत ओरडली. ती पंधरा वर्षांची होती आणि घरातल्या तिघांत एकटीच स्वतःला शहाणी समजत होती.

रविवारी उल्का कामाला लागली. बिअर गव्हाची करायची ठरलं. कडू चव तिला मुळातच नको होती, म्हणून होप्स निम्म्याहून कमी घातले. बादली, पळी, नळी, चाळणी, सगळं आधी धुतलं, मग उकळत्या पाण्यातून काढलं, मग जंतुनाशकात बुडवलं. शैलेंद्र मदतीला आला तर त्याला दोनदा हात धुवायला परत पाठवलं.

"आमच्या आत्याचं सोवळं बरं होतं," तो म्हणाला. "निदान दुपारी जेवायला मिळायचं."

"तुझी आत्या जंतू मोजत नव्हती."

उकळलेला पाक बर्फाच्या पाण्यात भांडं ठेवून झटपट गार केला. उकळून कोमट केलेल्या पाण्याच्या वाटीत तिने यीस्ट भिजवलं, चमच्याने अलगद हलवलं, फेस धरल्यावर बादलीत ओतलं. मग खरी अडचण होती हवेची. सिंगापुरात डिसेंबरातही घाम येतो. तिने इशिताच्या लहानपणीचा आंघोळीचा टब काढला, त्यात पाणी भरून बादली उभी केली, बादलीला ओला टॉवेल गुंडाळला आणि समोर टेबलफॅन लावला. फ्रीजरमध्ये पाण्याच्या सहा बाटल्या गोठत ठेवल्या; सकाळी तीन टबात, संध्याकाळी तीन. पारा बावीसवर येऊन थांबला. दुसऱ्या दिवशी झाकणातल्या वाकड्या नळीतून बुडुक् आवाज यायला लागले आणि उल्का चहाचा कप घेऊन टबाशेजारी स्टूलवर जाऊन बसली.

बारा दिवस ती रोज नळीच्या तोंडाशी नाक नेऊन वास टिपून ठेवत होती. पहिल्या दिवशी पोळीच्या कणकेचा. तिसऱ्या दिवशी लवंग. पाचव्या दिवशी किंचित गंधक, जे सातव्या दिवशी गेलं. लवंग घातली नसताना लवंग येते कुठून? तिने वाचून काढलं की हे त्या गव्हाच्या यीस्टचंच देणं आहे, आणि तिला आपल्या नाकाचं बरं वाटलं. पण वहीत लिहिलेलं बरोबर की चूक, हे सांगणारं कोण होतं? शैलेंद्रला बाराही दिवस फक्त "बिअरचा" वास येत होता.

आकडा थांबल्यावर तिने बाटल्या भरल्या, प्रत्येकीत मोजून साखर टाकली, बुचं दाबली आणि बाटल्या कपाटात ठेवल्या. तीन आठवडे मुरायच्या. एकही उघडायची नाही, असा तिचा हुकूम होता. मुरायला घातलेलं लोणचं कुणी रोज उघडून बघत नाही.

ईस्ट कोस्टला एका कॉन्डोच्या तळमजल्यावरच्या खोलीत घरगुती बिअर करणाऱ्यांची टोळी महिन्यातून एका रविवारी दुपारी जमते. शैलेंद्र तिथे एकदा जाऊन आला होता. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळायच्या, नंबर घालायचे आणि सगळ्यांनी सगळ्यांच्या चाखायच्या, असा रिवाज.

"मी पण येते," उल्का म्हणाली.

"तू? तू पीत नाहीस. तिथे बसून करणार काय?"

"तेच बघायचंय मला."

खोलीत उल्काशिवाय बारा जण होते. टोळीचे प्रमुख मिस्टर टिओ, जहाजावरून निवृत्त झालेले इंजिनिअर, सत्तरीचे, अर्ध्या चड्डीत आणि कडक इस्त्रीच्या शर्टात. त्यांनी पहिली बाटली उघडली. जो तो घोट घेई आणि म्हणे, "नाइस." दुसऱ्या बाटलीला "व्हेरी नाइस." उल्का डेअरीतल्यासारखी आधी हुंगायची, घोट तोंडात घोळवायची आणि कागदी कपात थुंकायची. शैलेंद्र तिकडे बघायचं टाळत होता. ती वहीत लिहीत होती. दोन नंबर: उकडलेला मका. चार नंबर: लोणी. लोण्याचा वास तिला चुकणार नव्हता. पण बिअरमध्ये लोणी कसं येईल, या विचाराने तिने पुढे प्रश्नचिन्ह काढलं. सगळे "नाइस" म्हणत असताना आपल्यालाच मका आणि लोणी का यावं? नाक गेलंच म्हणायचं बहुतेक.

सात नंबरची बाटली तिची. बूच निघताच फेस उसळून टेबलावर आला. ग्लास फिरले, आणि या वेळी लोक नुसतं "नाइस" म्हणून थांबले नाहीत. एकाने दुसऱ्यांदा ओतून घेतली. "आंबट बिअर! फारच सुरेख!" एक बाई म्हणाली. "ही कुणाची?"

उल्काने ग्लास नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. तो वास ती रोज सकाळी दह्याच्या भांड्यावरची ताटली काढताना घेत होती. दह्याचाच होता, तिच्या घरच्या दह्याचा. मग तिला आठवलं. यीस्टची वाटी हलवायला हात सवयीने गेला होता तो विरजणाच्या छोट्या चमच्याकडे. तो चमचा ती कधी साबणाने घासत नसे, दह्याला साबणाचा वास लागतो म्हणून. नुसता विसळून खुंटीला अडकवायचा. अख्खं स्वयंपाकघर उकळून काढलं आणि नेमका तोच चमचा राहिला. होप्स कमी, म्हणून दह्याच्या जंतूंना अडवणारंही कुणी नाही. तीन आठवडे बाटलीत त्यांनी मेजवानी झोडली होती.

शैलेंद्रने टेबलाखालून तिचा पाय दाबला. "गप्प बस," तो मराठीत पुटपुटला. "आवडलीये त्यांना."

गप्प बसणं फार सोपं होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणी तिचं कौतुक करत होतं, आणि तिला ते हवंही होतं. पण खोट्या पावतीवर नाक शाबूत ठरत नाही.

"ही माझी," ती इंग्रजीत म्हणाली. "आणि ही नापास आहे."

लोक हसले. बाई विनयशील आहे, असं त्यांना वाटलं.

"का नापास?" मिस्टर टिओ हसले नव्हते. "आंबट बिअरला लोक बाहेर चांगले पैसे मोजतात."

"मी आंबट करायला घेतली नव्हती. लवंगेच्या वासाची गव्हाची करायची होती. माझ्या दह्याचा चमचा तिच्यात गेला. माझ्या फलाटावर हा कॅन आला असता तर मी परत पाठवला असता."

कुठला फलाट, ते तिला सांगावं लागलं.

मिस्टर टिओंनी तिच्या वहीकडे बोट दाखवलं. "काय लिहिलंय ते वाचा."

तिने वाचलं. दोन नंबरचा मालक खुर्चीत सरळ झाला. तो पाक झाकण ठेवून उकळत होता, त्यामुळे मक्याचा वास वाफेबरोबर बाहेर जातच नव्हता. चार नंबरची बाई म्हणाली की तिने यीस्टचं काम पुरतं व्हायच्या आतच बाटल्या भरल्या होत्या, प्रवासाला जायचं होतं म्हणून. मका आणि लोणी, दोन्ही खरे निघाले. मिस्टर टिओ उठले, फ्रीजमधून बिननंबराची एक बाटली काढली आणि एकच ग्लास भरून तिच्यापुढे ठेवला.

उल्काने हुंगलं. पुन्हा हुंगलं. चाखलं, थुंकलं.

"भिजलेला पुठ्ठा," ती म्हणाली. "बाटली भरताना हवा लागते आहे. भरायची नळी बाटलीच्या तळापर्यंत जात नसावी."

सगळ्यांच्या माना मिस्टर टिओंकडे वळल्या, कारण ती बाटली त्यांच्याच बिअरची होती, हे सगळ्यांनी ओळखलं होतं.

"दोन वर्षं," म्हातारा म्हणाला, "दोन वर्षं मी या लोकांना विचारतोय, हिच्यात काय चुकतंय? आणि सगळे म्हणतात, अंकल, नाइस लाह!"

तो इतका हसला की त्याला खुर्चीला धरावं लागलं. मग त्याने खुर्ची ओढून उल्काच्या समोर मांडली आणि आठ नंबरची बाटली उघडून सगळ्यांचे ग्लास भरले. कुणीच ग्लास तोंडाला लावला नाही. बाराही जण, शैलेंद्रसकट, उल्काकडे बघत थांबले होते.

तिला रडू आलं होतं. पण रडलं की नाक चोंदतं, आणि अजून पाच बाटल्या शिल्लक होत्या, म्हणून तिने ते घरी जाईपर्यंत राखून ठेवलं.