पुडीनं बसवलेली सूज

"टाके काढले आणि जखम उघडली. दहा दिवसांत काहीच जुळलेलं नाही," मंचरचे डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे बघून विचारलं, "ताई, वेगळं काही औषध घेतलंत का?"

मी नाही म्हणाले. मला वाटलं, स्वतःची चूक हा माझ्या गळ्यात मारतोय.

नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. महाळुंगे पडवळला आमच्या गायी. त्यांच्यासाठी घास कापताना विळा डाव्या तळहातात, अंगठ्याच्या बुडाशी घुसला. पाच टाके पडले. दुसऱ्या दिवशी हात लाल, गरम, टम्म सुजलेला. डॉक्टर म्हणाले, "एवढी सूज येणारच." तेव्हापासूनच मला त्यांचा संशय. दोरा जुना असेल, सुई नीट उकळली नसेल.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. गुडघ्यांसाठी त्या बाजारातल्या एका माणसाकडून पांढऱ्या पुड्या आणायच्या. "लई गुणाची हाय, दोन दिसांत सूज बसती," म्हणत त्यांनी मला रोज एक दिली. सूज खरंच बसली. डॉक्टरपेक्षा आमच्या आत्या शहाण्या, असं मी शेजारणीला सांगूनही आले.

जखम उघडल्यावर डॉक्टरांनी साखर तपासली, रक्त तपासलं. सगळं ठीक. डॉक्टरांचा माझ्यावर संशय, माझा त्यांच्यावर. अंगठा आखडला तर धार काढता येणार नाही, असं त्यांनी बजावलं. मी घाबरले, तरी पुडीचं नाव काढलं नाही. आत्यांना बोल लागला असता.

डॉक्टरांनी काय विचारलं ते मी घरी बोलले होते. तिसऱ्या ड्रेसिंगला आत्या मागच्या एसटीनं एकट्याच आल्या. पुडी टेबलावर ठेवली. "डाक्टर, म्याच दिली व्हती. तिला बोलू नगा."

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, असल्या पुड्यांत बहुतेक स्टेरॉईड असतं. ते इन्फ्लमेशन दाबतं. इन्फ्लमेशन म्हणजे ती लाली, गरमी, सूज. जखम साफ करून नवं मांस धरायला रक्तातल्या पेशी तिथं जमतात, म्हणून ती येते. सुरुवातीला ती लागतेच. फार दिवस रेंगाळली तर वण जाड होतो. सूज वाढत गेली, पू झाला, ताप आला तर मात्र लगेच दाखवायचं.

जखम भरायला दोन महिने गेले. वण जाड आहे, पण अंगठा वळतो, धार निघते. तुमच्या घरात अशी पुडी असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका, आणि मनानं एकदम बंदही करू नका; अंगाला तिची सवय झालेली असते, एकदम सोडली तर जिवावर बेतू शकतं.

आत्यांची पुडी डॉक्टरांनी हळूहळू सोडवली. त्यांचं दुखणं परत आलं. गोठ्याच्या पायरीशी त्या गुडघा धरून थांबायच्या, आणि आधी माझा हात बघायला मागायच्या.