श्रावणची साक्ष

कोर्टात स्टेनो म्हणून वीस वर्षं काढली की किस्से आपोआप साचतात. त्यासाठी काही करावं लागत नाही, नुसतं बसून राहायचं. दुपारी अडीचनंतर पंखा एका लयीत फिरतो, कडुनिंबाची सावली टेबलावर हलते, बोटं टाइप करत असतात आणि मी स्वतः कुठेतरी लांब गेलेला असतो. तिथून मला ओढून परत आणणारी माणसं थोडी. श्रावण त्यातला.

श्रावण अमडापूरकडचा, एकदम साधाभोळा. शेगावला दर्शनाला आला आणि सोबतच्यांपासून चुकला. स्टेशनबाहेर एका वीटभट्टीवाल्याने "जेवायले देतो, चाल" म्हणून त्याला गाडीत घातलं. वरवट बकालच्या पुढे भट्टी. नऊ वर्षं विटा थापल्या. मजुरी नाही, सुट्टी नाही, खोलीला बाहेरून कडी. आणि बहीण वाट बघत होती, एसटीने अर्ध्या दिवसावर! धाड पडली, तो सुटला. आता मालकासमोर उभं राहून त्याला बोलायचं होतं. तो गप्प राहिला असता तर मालक मोकळाच होता.

*

पहिल्याच दिवशी आमच्या शिपायाने, वासुदेवभाऊंनी, दारातून तीनदा नाव पुकारलं. श्रावण समोरच बाकावर, पण जागचा हलेना. शेवटी बहिणीने त्याला उठवलं.

"काऊन रे, आयकू नाही आलं?" वासुदेवभाऊंनी विचारलं.

"आलं ना. पन मले कोनी नावानं बलावत नाही," तो म्हणाला.

*

पिंजऱ्यात त्याला खुर्ची दिली. म्हणाला, "बसू काय?" पाणी दिलं. "पिऊ काय?" वकिलांनी प्रश्न विचारला. "सांगू काय?"

संध्याकाळी चहाच्या टपरीवर वासुदेवभाऊंनी कप उचलून मला विचारलं, "घेऊ काय?" दोघंही हसलो. मग मला माझीच लाज वाटली.

*

सरकारी वकिलांनी विचारलं, दिवसभर तिथे मनात काय चालायचं?  श्रावणने सांगितलं की रोजच्या शेवटच्या ओल्या विटेवर तो बोटाने बहिणीच्या घराचं दार काढायचा. वीट वाळायची, भाजली जायची, ट्रॅक्टरमध्ये बसून निघून जायची.

म्हणजे अर्ध्या जिल्ह्याच्या भिंतींत कुठे कुठे ते दार असणार. गिलावा न केलेलं घर दिसलं की मी अजूनही गाडी हळू करतो.

*

उलटतपासणीचा दिवस वाईट गेला. आरोपीचे वकील एकच धरून बसले, की हा आपखुशीने राहिला. दिवसा तर दार उघडंच होतं, पाय होते, मग गेला का नाही? श्रावण मान खाली घालून गप्प. केस हातची गेली असं मलाही वाटलं.

उकाडा होता. मागे आरोपीला तहान लागली असावी. त्याने सवयीने चुटकी वाजवली आणि माठाकडे बोट केलं.

श्रावण पिंजऱ्यातून उतरला. माठातून ग्लास भरला, मालकाला नेऊन दिला आणि तो पिईपर्यंत मान खाली घालून उभा राहिला. अख्खं कोर्ट बघत होतं.

"सवय आहे साहेब, दुसरं काही नाही," वकील घाईघाईने म्हणाले.

"कोणाची?" जजसाहेबांनी विचारलं आणि ते माझ्याकडे वळले. "स्टेनो, आत्ता जे झालं ते जसंच्या तसं घ्या."

*

निकाल लागला. मालकाला सात वर्षं सक्तमजुरी.

बाहेर व्हरांड्यात श्रावणने वासुदेवभाऊंना विचारलं, म्हणजे काय? भाऊंनी समजावलं, जेलमध्ये राहून काम करावं लागते.

श्रावणने पुढे विचारलं, "सात वर्सं झाले का सोडतात?"

"सोडतात ना."

"सुटाची तारीख त्याले आताच सांगतात?"

"हो. कागदावर लिहूनच देतात."

 श्रावण बहिणीला म्हणाला, "मले कोनी सांगतली असती, तं मीबी दिवस मोजले असते."