निळ्या फुप्फुसातला नारिंगी डाग

मी वर्ध्यातल्या एका छोट्या तपासणी केंद्रात एक्स-रे काढते. पेशंटला मशीनपुढे उभं करायचं, हनुवटी वर घ्यायला लावायची, श्वास रोखायला सांगायचं आणि बटण दाबायचं. फोटोत काय आहे ते सांगायचा अधिकार माझा नाही, डॉक्टरांचा. पण बारा वर्षं फोटो पाहून डोळ्यांना कळायला लागतंच, आणि कळलं तरी चेहरा कोरा ठेवायची सवय लागते.

त्या सोमवारी मशीनपुढे माझी आईच उभी होती.

पवनारला धाम नदीकाठी तिचं वांग्या-मिरच्यांचं वावर आहे. ते भावावर सोपवून ती माझ्या चार वर्षांच्या मुलीला सांभाळायला पिपरी मेघेला आमच्याकडे आली होती. महिनाभर खोकत होती. "धूळ गेली असन घशात," एवढंच म्हणायची. मग तिचं ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागलं, तेव्हा मी तिला जवळजवळ ओढतच केंद्रावर आणलं.

फोटो स्क्रीनवर आला. नेहमीसारखा करडा आणि स्वच्छ. मला हायसं वाटलं. आमच्या संगणकात करड्या छटांना रंग द्यायची एक सोय आहे. जवळजवळच्या दोन करड्या छटा डोळ्याला सारख्याच वाटतात. त्यांना वेगळे रंग दिले की फरक कळतो. डॉक्टर ती क्वचितच वापरतात. मी फक्त खात्रीसाठी रंग दिला. हाडं लाल झाली, हवेनं भरलेली फुप्फुसं निळी. आणि उजवीकडे, गळ्याखालच्या आडव्या हाडामागे, नखाएवढा नारिंगी डाग.

मी रंग काढला. डाग गेला. परत दिला. डाग परत आला.

गेल्या उन्हाळ्यात एका निवृत्त मास्तरांच्या फोटोत असाच डाग होता. तो कॅन्सर निघाला आणि ते पोळ्यापर्यंतही राहिले नाहीत.

आई काचेपलीकडून माझ्याकडे बघत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "काऊन वं, अशी काऊन पाहून राह्यली?"

"काही नाई आई. डॉक्टर एक वाजता येतात, ते पाह्यतील."

"तुले समजते ना? मंग तूच सांग."

"मले नाई समजत," मी म्हटलं. बारा वर्षांत असं खोटं मी कितीतरी पेशंटना सांगितलं असेल, पण जीभ पहिल्यांदाच अडखळली. आई बाकावर जाऊन बसली आणि शेजारच्या सेवाग्रामच्या बाईशी मिरचीवरच्या रोगाबद्दल बोलायला लागली.

एक वाजेपर्यंत मी सात-आठ फोटो काढले. एका माणसाला श्वास रोखायला सांगितलं आणि सोडायला सांगायचं विसरले. मधेच बाहेरून आईचा खोकला ऐकू आला आणि दुसरंच सुचलं: हा टीबी असला तर? माझी मुलगी रोज आजीच्या कुशीत झोपत होती.

डॉक्टरांनी आधी करडा फोटो बराच वेळ पाहिला, मग रंगीत.

"रंग यंत्रानं दिलेत," ते म्हणाले. "नारिंगी म्हणजे कॅन्सर असं काही नसतं. तिथे काहीतरी घट्ट आहे, एवढंच यातून कळतं. थुंकी तपासू, सीटी स्कॅन करू. यांचा जुना फोटो आहे का?"

होता. वर्षभरापूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी मीच काढलेला. तो उघडला, करड्यात काहीच नव्हतं. डॉक्टर काही बोलायच्या आत मी रंग दिला. त्याच जागी फिकट, पिवळसर, तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी होतं.

त्या फोटोचा रिपोर्ट नॉर्मल होता. खाली सही त्यांचीच होती. आणि घरी जाऊन "काही नाई आई, साफ आहे," असं सांगणारी मी होते.

"रंगामुळे दिसतंय," ते हळू आवाजात म्हणाले, "की आता माहीत आहे म्हणून दिसतंय, मला खरंच सांगता येत नाही."

डॉक्टरांना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यानं माझी भीती वाढलीच.

थुंकीच्या तपासणीत टीबी निघाला. रिपोर्ट वाचून मी जिन्यात बसून रडले. कॅन्सर नव्हता म्हणून आनंद झाला होता, आणि टीबीच्या बातमीनं आनंद व्हावा याची लाजही वाटत होती. पण ते रडणं आवरायच्या आत मुलगी आठवली.

तिचा फोटो मीच काढला. तिच्या कमरेभोवती शिशाचा छोटा पट्टा बांधला, "पुतळा हो" म्हटलं. ती खरंच पुतळ्यासारखी उभी राहिली. फोटो आला, पण रंगाच्या बटणापर्यंत माझा हात जाईना. मी स्क्रीनकडे पाठ केली आणि डॉक्टरांचा चेहरा पाहत उभी राहिले. त्यांनी करडा पाहिला, रंगीत पाहिला, परत करडा पाहिला.

"साफ आहे. तरी गोळ्या सुरू करू, आजार होऊ नये म्हणून."

मला "साफ" या शब्दावर विश्वास ठेवता आला नाही. अजूनही येत नाही.

आईनं सहा महिने औषध घेतलं, एकही दिवस न चुकवता. पहिले काही आठवडे मुलीला वेगळं झोपवलं; ती दाराशी उभी राहून आजीला हाका मारायची आणि आई भिंतीकडे तोंड करून पडायची. शेवटच्या फोटोच्या दिवशी आईनं स्वतःच स्क्रीन पाहायचा हट्ट धरला. मी रंग दिला.

"एवढी रंगीत हाव का वं मी आतून?" ती हसली. मग तिनं बोट ठेवलं. "अन् हे काय?"

त्या जागी एक बारीक पिवळी रेघ उरली होती.

"जखम सुकल्याची खूण आहे, आजी," डॉक्टर म्हणाले. "ती राहणारच."

आईला तेवढं पुरलं. मिरच्या तोडायला आल्या म्हणून ती दुपारच्याच बसनं पवनारला गेली. मी तिला बसवून परत आले, पुढचा पेशंट यायच्या आत तिचे तिन्ही फोटो स्क्रीनवर शेजारी लावले आणि त्या जागेचा डाग पहिल्या फोटोपासून पुन्हा मोजायला बसले.