जोराचं पाणी

धाकटीला घरात धाकटीच म्हणतात. प्रयोगशाळेत तिला मॅडम म्हणतात. आणि थोरला जिथे कामाला होता त्या फळांच्या कारखान्यात तिला कुणी कधी पाहिलेलं नसलं, तरी दोनशे माणसं तिला 'शास्त्रज्ञ बहीण' म्हणून ओळखायची. ही सगळी थोरल्याची करणी. डबा उघडला की पहिल्या घासाबरोबर बहीण निघायची.

"डोळ्याला न दिसणारं बघते ती," तो सांगायचा.

"मग तिला म्हणावं, माझ्या बायकोच्या मनात काय चाललंय तेवढं बघ," असं कुणीतरी म्हणायचं, सगळे हसायचे, आणि थोरलाही हसायचा. हसू देत. कुणाच्या घरात आहे अशी बहीण?

अन्नातून माणसाच्या पोटात जाणारे जंतू शोधायचे, हे तिचं काम. काचेच्या बशीत खरवसासारखा थर ओतलेला असतो, त्यावर नमुन्याची रेघ ओढायची, बशी उबेच्या पेटीत ठेवायची, आणि एक-दोन दिवसांनी काय उगवलं ते पाहायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण बशी उजेडात जरा तिरकी धरून "हे तेच" असं म्हणायला नजर लागते, आणि धाकटीची नजर चुकली असं अकरा वर्षांत झालेलं नाही. तिथल्या शिपायालाही विचारा. वडील गेले तेव्हा थोरला आठवीत होता. त्याने शाळा सोडली. पुढे ती शिकली, आणि तिच्या प्रत्येक फॉर्मवर पालक म्हणून त्याने सही केली. एकदा सही चुकली तर अख्खा फॉर्म नवा आणला. खाडाखोड नको होती त्याला.

कारखान्यात तो सफाईचा मुकादम होता. खरबूज, पपई, सफरचंद सोलायचं, कापायचं, झाकणाच्या डब्यात भरायचं आणि थंड गाडीतून दवाखान्यांना आणि ऑफिसांना पाठवायचं, असा तो कारखाना. झाकण चेमटलेले डबे कामगारांना घरी न्यायला मिळायचे. थोरला आणायचा. धाकटी त्याला हात लावायची नाही.

"दादा, मी कापून ठेवलेलं खात नाही."

"बघ बाई," तो बायकोला म्हणायचा. "भावाच्या हातचं चालत नाही हिला. अगं, आमच्या फरशीवर ताट न घेता जेव. मी धुतलेली आहे ती."

वहिनी म्हणायची, "घरची मोरी धुवायला सांगितली की यांची कंबर धरते."

त्या वर्षी थंडी सरताना प्रयोगशाळेत दवाखान्यांतून रक्ताचे नमुने यायला लागले. म्हातारी माणसं, नुकती ऑपरेशनं झालेली, दोन गरोदर बाया. जंतू एकच निघाला, लिस्टेरिया. हा जंतू मोठा कावेबाज. बाकीचे थंडीत गपगार पडतात, हा फ्रिजमध्येही वाढतो. शिवाय खाल्ल्यावर लगेच आजार येतो असं नाही. कधी आठवडे जातात, आणि तोवर काय खाल्लं होतं ते कुणाला आठवत नाही. धाकटीच्या गटाने प्रत्येक नमुन्यातल्या जंतूचा ठसा काढला. माणसाच्या बोटाचा असतो तसा जंतूचाही काढता येतो. ठसे जुळले. नऊ आजारी, त्यातले तिघे गेलेले, आणि सगळ्यांच्या रक्तात एकाच जागचा जंतू.

मग संशयाचे डबे आले. प्रयोगशाळेत डब्यावरचं लेबल आधी काढतात आणि नंबर टाकतात, म्हणजे काम करणाऱ्याला माल कुणाचा ते कळू नये. एकसष्ट नंबरची बशी धाकटीने उजेडात धरली. हिरवट निळे ठिपके, प्रत्येकाभोवती पांढरं कडं. तिने "हे तेच" म्हटलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं. नंबर कुणाचा ते दुपारी प्रमुख बाईंनी सांगितलं. कारखान्याचं नाव ऐकून धाकटी खुर्चीत बसली.

"बाई, तिथे माझा भाऊ आहे."

"मग तू तिकडे जायचं नाहीस. बाकीचे जातील."

कारखाना त्याच दिवशी बंद झाला. बाकीचे एकदा गेले, दोनदा गेले, तीनदा गेले. सुऱ्या, टेबलं, फळं सरकवणारा पट्टा, कामगारांचे हात, मोरीची जाळी, सगळीकडे कापसाचे बोळे फिरवून आणले. सगळं स्वच्छ. कारण उघड होतं. हे येणार म्हटलं की तिथे आदल्या दिवशीच जंतुनाशक मारून ठेवलेलं असायचं. डब्यातला जंतू आला कुठून, हे काही सापडेना. मालक म्हणायला लागला की फळं शेतातूनच खराब आली असतील. तिसऱ्या खेपेनंतर प्रमुख बाई म्हणाल्या, "सोमवारी परवानगी द्यावी लागेल. धरून ठेवायला काही नाही आपल्याकडे."

त्या रविवारी दुपारी धाकटी भावाकडे जेवायला गेली.

जेवताना थोरल्याचं ताटात लक्ष नव्हतं. पॅकिंगमधल्या मावशींच्या मुलीचं सातव्या महिन्यात मूल गेलं होतं, तिथे तो जाऊन आला होता. मावशी म्हणजे त्याला भाकरीचा अर्धा तुकडा देणारी बाई, बारा वर्षांची ओळख.

"पोरगी भिंतीकडे तोंड करून पडलेली असते," तो म्हणाला. "मी मावशींना डबे काढून ठेवायचो तिच्यासाठी. म्हटलं, दिवस गेलेत, फळं खाऊ दे. पोरगी एवढं खाऊनपिऊन होती, आणि बघ."

धाकटीचा घास तोंडातच राहिला. त्या दोन गरोदर बायांपैकी एक कोण, ते तिला आता कळलं. थोरल्याला कळलं नव्हतं. त्याच्या लेखी कारखाना मत्सराने बंद पाडलेला होता आणि त्याची फरशी स्वच्छ होती.

"दादा," ती म्हणाली, "तुम्ही धुता कसं? पहिल्यापासून सांग."

असं त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं, शास्त्रज्ञ बहिणीने तर नाहीच. तो फुलला. ताट बाजूला सारून त्याने पाण्याचा तांब्या पट्टा म्हणून आडवा ठेवला, वाटी मोरी म्हणून ठेवली आणि चमचा पाइप म्हणून हातात धरला.

"आधी पट्टा. साबण, पाणी, औषध. चकाचक. मग टेबलं. मोरी सगळ्यात शेवटी."

"शेवटी का?"

"आधी मोरी धुतली तर पट्ट्याची घाण परत मोरीतच जाणार ना? डोकं लागतं याला. मी कामाला लागायच्या आधी ही माणसं मोरी आधी घासायची, तीही ब्रशने आणि बादलीने. मालकाच्या मागे लागून मी जोराच्या पाण्याचं मशीन आणवलं. जाळी काढायची, पाइप आत घालायचा, फुल सोडायचा. तळाची घाण उसळून वर येते. धुकं होतं नुसतं, समोरचा माणूस दिसत नाही. छतापर्यंत जातं."

"पट्ट्यावर झाकण आहे का?"

"वर पत्र्याचं आहे. धूळ पडू नये म्हणून."

"ते आतून धुता?"

"आतून कशाला? त्याला फळ लागतच नाही."

वहिनीने भात आणला. धाकटीने नको म्हटलं. तिला सगळं समोर दिसत होतं. मोरीच्या तळाशी थंडीत आरामात राहणारा जंतू, त्याला रोज वर उडवणारं पाणी, आणि धुतलेल्या पट्ट्यावर बसणारं ते धुकं. पट्ट्यावर औषध मारता येत होतं, झाकणाच्या आत कुणी मारत नव्हतं. तिथे दव धरायचं आणि दिवसभर थेंब थेंब फळांवर पडायचं. बोळा फिरवणाऱ्यांनीही झाकणाच्या आत काही पाहिलं नव्हतं.

आणि हे भावाच्या डोक्यातून निघालेलं होतं. चांगल्या डोक्यातून.

"काय झालं? चुकलं का काही?" थोरल्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. आयुष्यात भावाशी ती एवढं एकच खोटं बोलली.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. गप्प राहिली असती तर सोमवारी कारखाना सुरू झाला असता, भाऊ कामाला लागला असता, आणि कुणाला कधी काही कळलं नसतं. डबे मात्र परत दवाखान्यांत गेले असते. घरी जाताना ती एक थांबा आधी उतरली आणि उरलेलं चालली.

सोमवारी सकाळी तिने प्रमुख बाईंना सांगितलं. बाई ऐकत राहिल्या.

"हे तुला कुठून कळलं?"

"जेवताना."

बाईंनी खणातून फॉर्म काढून पुढे सरकवला. मग म्हणाल्या, "लेखी दे."

फॉर्मवर एक रकाना असतो, माहिती कुणाकडून मिळाली त्याचा. धाकटीने तिथे 'कर्मचाऱ्याकडून' असं लिहिलं. मग तिने तो फॉर्म फाडला, नवा घेतला आणि त्यावर 'माझ्या भावाकडून' असं लिहिलं. फॉर्मवर खाडाखोड नको, हे तिला घरातच शिकवलेलं होतं.

परवानगी थांबली. या वेळी माणसं न कळवता गेली. झाकणाच्या आतून बोळा फिरवला, जाळी काढून मोरीच्या तळाशी फिरवला. चार दिवसांनी बशा बोलल्या. दोन्ही जागी तेच हिरवट निळे ठिपके. ठसा नऊच्या नऊ माणसांशी जुळला.

अहवाल कारखान्यात पोहोचायच्या आधी ती थोरल्याकडे गेली. वहिनी बाजारात गेली होती. तिने उभ्याउभ्याच सांगितलं, कारण बसली असती तर सांगता आलं नसतं.  सांगून झाल्यावर थोरल्याने विचारलं,

"माझं नाव आहे का त्यात?"

"नाव कुणाचंच नसतं, दादा. 'सफाईची पद्धत' असं आहे."

"म्हणजे मीच." त्याने हात पाहिले, उलटे करून पाहिले. "रविवारी मी तांब्या-वाटी मांडून सांगत होतो, तेव्हाच कळलं होतं तुला?"

"हो."

"मला बोलू दिलंस."

तिने मान हलवली.

"मावशींची पोर?" त्याने विचारलं.

उत्तराची वाट न बघता थोरला उठला, चपला घातल्या आणि तसाच गेला.

मावशींनी दार अर्धंच उघडलं, हे त्याने नंतर सांगितलं. त्याने सगळं सांगितलं, डब्यांचं, पाण्याचं, झाकणाचं. मावशींनी ऐकून घेतलं.

"मुद्दाम केलंस का?"

"नाही, मावशी."

"मग जा आता."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो म्हणाला.

कारखाना काही परत उघडला नाही. दवाखान्यांनी माल घेणं सोडलं, मालकाने यंत्रं विकली. दोनशे माणसं रस्त्यावर आली. चहाच्या टपरीवर थोरला दिसला की पूर्वी हसणारेच आता म्हणायचे, "बहिणीला म्हणावं, आता आमची भूकही बघ दुर्बिणीतून." तो ऐकून घ्यायचा. दोन महिन्यांनी त्याला एका गोदामात राखणदाराचं काम मिळालं. तिथे धुवायला काही नाही.

धाकटी रविवारी येत राहिली. जेवणं व्हायची, बोलणं थोडं व्हायचं. जेवल्यावर भांडी थोरला घासायला लागला होता, वहिनीने न सांगता. एका रविवारी ती फडकं घेऊन शेजारी उभी राहिली. त्याने नळ सोडला तो दोऱ्याइतका. एक ताट धुवायला केवढा वेळ. पाण्याचा आवाजसुद्धा येत नव्हता.

"जरा मोठा सोड, दादा. ही घरची मोरी आहे."

"राहू दे."

तेवढ्यात शेजारचे काका काहीतरी मागायला दारात आले. धाकटीला पाहून म्हणाले, "तो फळांचा जंतू, तुमच्याच प्रयोगशाळेने शोधला ना?"

"प्रयोगशाळेने कसला," थोरला मोरीकडे तोंड करूनच म्हणाला. "तिथली माणसं तीनदा येऊन गेली, त्यांना नाही सापडला. हिने शोधला. इथे, या घरात बसून."

काका गेले. थोरल्याने ताट तिच्या हातात दिलं आणि पुढचं त्या दोऱ्याखाली धरलं. धाकटी फडक्याने ताट पुसत राहिली. ते केव्हाच कोरडं झालं होतं.